नाही म्हणायचं असेल, तर लिहून द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझे पती तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. चोवीस वर्षं नोकरी केली, त्यातला १९९९ चा, कारगिल युद्धाचा उन्हाळा द्रासला काढला. मी माणदेशातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. आमच्या घरात गेल्या आषाढीपासून कार्तिकीपर्यंत जे घडलं ते मी कागदावर उतरवून ठेवलं होतं, कारण वहीत नोंद करायची मला कामामुळे सवय आहे. त्या नोंदींवरून हे पत्र लिहिते आहे. लांब झालं आहे, पण थोडक्यात सांगितलं की लोक ‘सरकारी काम असंच असतं’ म्हणून सोडून देतात. मला ते सोडून द्यायचं नाही.

आमच्याकडे गुरुवारचं भजन असतं. आषाढीच्या आधीच्या गुरुवारी ह्यांच्या हातून टाळ निसटला. दोरी बोटांभोवती गुंडाळलेली असून निसटला. लोकांना वाटलं घाम आला असेल. पंधरा दिवसांत शर्टाची बटणं लागेनात. काज सापडायचं, बटण चिमटीत यायचं, पण पुढं ढकलायला बोटांत जोर नसायचा. मग रोज सकाळी बटणं मी लावायला लागले. ते तेवढा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभे राहायचे. ज्या माणसाने तोफेचा त्रेचाळीस-पंचेचाळीस किलोचा गोळा हातांवर झेलून पुढच्याला दिला, त्याची बटणं बायकोने लावायची. ते काही बोलले नाहीत, मीही काही बोलले नाही.

आमचं पॉलिक्लिनिक, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा दवाखाना, एसटीने सव्वादोन तासांवर आहे. तिथल्या डॉक्टरबाईंनी गुडघ्यावर हातोडी मारून बघितली तर पाय फार जोरात उडाला. डोळे मिटून उभं राहायला सांगितलं, ते डुलायला लागले. मग मूठ भराभर उघडायला-मिटायला सांगितली, आणि ते जमेना. बाई म्हणाल्या, “हे हाताचं दुखणं नाही, मानेचं आहे. एमआरआय करा आणि उशीर करू नका.” एमआरआय आठवड्यात झाला, योजनेशी करार असलेल्या सेंटरमध्ये, एक रुपया न घेता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण जे नीट झालं तेही लोकांना कळावं. रिपोर्टात निघालं की मानेच्या मणक्यांमधली चकती सरकून आणि हाड वाढून मज्जारज्जूवर दाब येतोय. मेंदू-मणक्याच्या सर्जनला दाखवायचं ठरलं. ही आषाढ वद्यातली गोष्ट. ऑपरेशन झालं कार्तिकात. अख्खा चातुर्मास मध्ये गेला.

जे वाचक या योजनेत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून आहे. त्याआधी निवृत्त जवानाला लष्करी रुग्णालयाशिवाय दुसरा फारसा आधार नव्हता, आणि ती रुग्णालयं छावण्यांच्या शहरांत. योजनेत आज देशभर चारशेहून जास्त पॉलिक्लिनिक आहेत. ही योजना फुकट नाही. ज्यांना वर्गणी माफ आहे अशा वीरनारी, युद्धात जायबंदी झालेले जवान आणि १९९६ च्या आधीचे पेन्शनर सोडले, तर निवृत्त होताना प्रत्येकाने एकरकमी पैसे भरलेले असतात. २०१७ च्या अखेरीस ठरलेल्या दरांप्रमाणे हवालदारापर्यंत ३०,००० रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर ६७,०००, अधिकाऱ्यांना १,२०,०००. कार्ड दाखवायचं, पैसे द्यायचे नाहीत, आणि खर्चाला वरची मर्यादा नाही. कागदावर यापेक्षा चांगली योजना मला माहीत नाही.

पण तज्ज्ञ डॉक्टरकडे जायचं तर आधी पॉलिक्लिनिकची रेफरल चिठ्ठी लागते. चिठ्ठीवर हॉस्पिटलचं नाव असतं, विषय असतो आणि मुदत असते. जवळ लष्करी रुग्णालय असेल आणि तिथं सोय असेल तर तिकडे पाठवतात. आमच्यासारख्या भागात छावणी नाही, म्हणून करार केलेल्या खासगी हॉस्पिटलची चिठ्ठी मिळते. वयाने फार मोठ्या असलेल्यांना चिठ्ठीशिवाय थेट तज्ज्ञाकडे जायची सवलत दिली आहे, ती चांगली आहे. माझे पती त्या वयाचे नाहीत. सिपाही, नायक, हवालदार हे चाळिशीत निवृत्त होतात. त्यांच्या संसाराची आणि आजारपणाची निम्मी वर्षं अजून पुढं असतात.

पहिली चिठ्ठी मिळाली ती एका मोठ्या हॉस्पिटलची. यादीत नाव होतं. आम्ही सकाळी पोचलो, काउंटरवर कार्ड दिलं. बाई म्हणाली, “आमचा करार हाडांचा आणि हृदयाचा आहे. मेंदू-मणक्याचा नाही.” करार हॉस्पिटलशी होतो तो विषयवार होतो, हे आम्हाला तिथं कळलं. मी म्हटलं, तेवढं चिठ्ठीवर लिहून द्या. “आम्ही तसं लिहून देत नाही, तुम्ही पॉलिक्लिनिकला सांगा.”

पुढच्या सोमवारी पुन्हा पॉलिक्लिनिक, टोकन एकसष्ट. दुसरी चिठ्ठी. हे हॉस्पिटल दुसऱ्या शहरात, तिथं मणक्याचा करार होता, सर्जनही होते. काउंटरवरच्या मुलाने कार्ड हातात न घेता सांगितलं, “ईसीएचएसचे नवीन पेशंट सध्या बंद आहेत. बिलं अडकलीत.” कधी सुरू होणार? “माहीत नाही.” लिहून द्या. “तसं लिहिता येत नाही.” हे म्हणाले, “अगं, नाही म्हणतोय ना तो. चल.”

इथं मला थांबून एक गोष्ट सांगायची आहे. फौजी माणूस काउंटरवर वाद घालत नाही. त्याला वीस-बावीस वर्षं शिकवलेलं असतं की हुकूम आला की मागं फिरायचं, कारण विचारायचं नाही. समोरचा ‘नाही’ म्हणाला की तो हुकूम समजून वळतो. रांगेत मी बघितलंय, सगळ्यात शांत उभे राहणारे हेच लोक असतात, छातीशी कागदांची पिशवी धरून. कुरकुर करतात त्या आम्ही बायका. म्हणून त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ कुणी ‘यांचं सगळं ठीक चाललंय’ असा लावू नये.

आम्ही परत पॉलिक्लिनिकला गेलो. डॉक्टरबाईंनी कॉम्प्युटर उघडला. त्यात ते हॉस्पिटल चालू दिसत होतं. त्या म्हणाल्या, “यादीत चालू आहे. त्यांनी नाकारलं असं मी कशावरून लिहू?” त्यांनी फोन लावला, कुणी उचलला नाही. बाहेर अजून सत्तर माणसं बसली होती. त्या दुसऱ्या चिठ्ठीची मुदत तेवढ्यात संपली होती, म्हणून त्यांनी त्याच हॉस्पिटलची नवीन तारखेची चिठ्ठी दिली. आम्ही दुसऱ्यांदा त्याच दारात गेलो, त्याच मुलाने तेच उत्तर दिलं. तोंडीच. त्या दिवशी परत येताना एसटीच्या पायरीवर ह्यांचा पाय अडखळला आणि ते गुडघ्यावर पडले. गणपती चार दिवसांवर आले होते. तोपर्यंत हातांचं दुखणं पायांत उतरलं होतं.

मी डॉक्टरबाईंना दोष देत नाही. त्या कंत्राटावर आहेत, पॉलिक्लिनिकचे बहुतेक सगळे लोक कंत्राटावरच असतात. पुराव्याशिवाय त्यांनी चिठ्ठी बदलली आणि उद्या कुणी विचारलं तर उत्तर त्यांनाच द्यायचं आहे. त्या काउंटरवरच्या मुलालाही मी दोष देत नाही. त्याला सांगितलेलं तो बोलत होता. हॉस्पिटलांची अडचणही खरी आहे. २०१५ साली सरकारी खर्चाचे हिशेब तपासणाऱ्या कॅगने या योजनेवर स्वतंत्र अहवाल दिला, त्यात बिलांची दिरंगाई, औषधांचा तुटवडा आणि माणसांची कमतरता हे सगळं आलेलं आहे. हॉस्पिटलांना मिळणारे दर केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या सीजीएचएस या आरोग्य योजनेचे. २०१४ चे दर थोड्या फेरफारांनी जवळजवळ अकरा वर्षं चालले, २०२५ मध्ये कुठं त्यांची मोठी फेररचना झाली. ज्याचे पैसे महिनोन्‌महिने अडकतात तो दुकान बंद करतो, हे मला समजतं. पण करार केलेल्या हॉस्पिटलने कार्डवाल्याला परत पाठवायचं नाही, हा नियमच आहे. म्हणून कुणी ‘नाकारलं’ असं लिहून देत नाही. तोंडाने सांगतात. कागदावर नकार नसला की नियम मोडल्याचंही कुठं दिसत नाही.

हेच मला चार महिन्यांत उमगलं, आणि पत्र लिहायचं कारणही हेच. आमची चिठ्ठी निघाली याची नोंद आहे. दुसरी निघाली, तिसरी निघाली, याचीही नोंद आहे. वर दिल्लीत कुणी आकडे बघितले तर त्यांना दिसणार की या हवालदाराला तीन वेळा तज्ज्ञाकडे पाठवण्यात आलं. आम्ही तीन वेळा दारातून परत आलो हे कुठल्याही कॉम्प्युटरमध्ये नाही.

तिसरं हॉस्पिटल आणखी लांब होतं. तिथं रिसेप्शनवर एक तरुण मुलगी होती, नवीन असावी. ती म्हणाली, सर्जन रजेवर आहेत, पुढच्या महिन्यात येतील. मी सवयीने म्हटलं, लिहून द्याल का? तिने माझ्याकडे बघितलं, ह्यांच्या हातांकडे बघितलं. चिठ्ठी उलटी केली आणि मागं निळ्या पेनाने लिहिलं, ‘न्यूरोसर्जन रजेवर, अन्य ठिकाणी पाठवावे’. तारीख टाकली, सही केली आणि ड्रॉवरमधला शिक्का मारला. अर्धा मिनिट लागला असेल.

ती चिठ्ठी घेऊन आम्ही पॉलिक्लिनिकला गेलो. डॉक्टरबाईंनी मागची बाजू वाचली, काही विचारलं नाही, आणि त्याच दिवशी पुण्याच्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. ओआयसी साहेबांनी, म्हणजे पॉलिक्लिनिकच्या प्रमुख अधिकाऱ्यांनी, स्वतः फोन करून वेळ घेतली. नऊ दिवसांत सर्जनने तपासलं. नवरात्र मध्ये आलं, तपासण्या झाल्या, भुलीच्या डॉक्टरांनी शुगर आटोक्यात आणायला सांगितली, त्यात दिवाळी गेली. कार्तिकी एकादशीला हे पुण्यात ऑपरेशन होऊन गळ्यात पट्टा घालून पडले होते. त्याचे पैसे आम्ही दिले नाहीत, एकही नाही. रोखीने केलं तर साडेतीन लाखांच्या आसपास जाईल असं आम्हाला एका ठिकाणी सांगितलं होतं, आणि मधल्या काळात मी ह्यांना खरंच म्हटलं होतं, एक एकर विकू आणि करून टाकू. पण करारात नसलेल्या हॉस्पिटलात ठरवून केलेल्या ऑपरेशनचे पैसे परत मागता येत नाहीत. तातडीचा प्रसंग असेल आणि ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवलं तरच पुढचा विचार होतो, आणि तोही योजनेच्या दराने. मान तातडीने मोडत नाही. ती हळूहळू माणूस घेऊन जाते. असल्या आजाराला ‘तातडी’ या शब्दात जागा नाही.

ऑपरेशनच्या आधी मी सर्जनना विचारलं की तोफेच्या गोळ्यांनी मान अशी झाली का. ते म्हणाले, तसं नक्की सांगता येणार नाही. मग विचारलं, हात परत येईल का. त्यांनी सरळ सांगितलं, “दाब काढला की दुखणं आहे तिथं थांबतं. गेलेलं किती परत येईल ते आधी किती दिवस गेले त्यावर आहे.” मी दिवस मोजलेले होते. त्यातला पुण्यापर्यंत पोचायला लागलेला काळ वेगळा काढला. त्यातले आजाराचे किती, हॉस्पिटलांच्या रांगेचे किती, आणि निव्वळ तोंडी ‘नाही’ ऐकून परत फिरण्याचे किती? माझ्या वहीप्रमाणे शेवटच्या प्रकारातले एक्केचाळीस दिवस आहेत. आज हे सरळ चालतात, जिना चढतात. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर आहे. वरची दोन बटणं अजून मीच लावते.

संपादक महोदय, मी अंगणवाडीत आहे म्हणून मला हे जास्त लागलं. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली तेव्हापासून तिच्यात सहा सेवा आहेत, त्यातली एक ‘संदर्भ सेवा’. म्हणजे कमी वजनाचं मूल, जोखमीची गरोदर बाई सापडली की तिला पुढच्या दवाखान्यात पाठवायचं. मीही चिठ्ठ्या लिहिते. पण माझं काम चिठ्ठी दिली की संपत नाही. मूल पोचलं का, दाखल केलं का, नाही केलं तर का नाही, हे मला पर्यवेक्षिका विचारतात आणि मला रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. मूल परत आलं तर तो रकाना मोकळा ठेवता येत नाही. मानधनावर काम करणाऱ्या बाईला जे नियमाने करावं लागतं, ते करार करून लाखोंची बिलं पाठवणाऱ्या हॉस्पिटलला का लागू नये?

दुसरं म्हणजे, ईसीएचएसमध्येच याची सोय औषधांसाठी आहे. पॉलिक्लिनिकच्या खिडकीवर औषध नसलं की ‘एनए’ लिहून मिळतं. एनए म्हणजे उपलब्ध नाही. तो कागद घेऊन ठरलेल्या मर्यादेत औषध बाहेरून घ्यायचं आणि पावती जमा करायची. पैसे मिळायला वेळ लागतो, हेलपाटे पडतात, तरी कागद तर हातात असतो. गोळी नसेल तर शिक्का मिळतो. सर्जन नसेल तर शिक्का का मिळत नाही?

माझी मागणी तेवढीच आहे. नवीन हॉस्पिटल मागत नाही. करार केलेल्या हॉस्पिटलने ईसीएचएसच्या माणसाला परत पाठवायचं असेल, तर त्याच काउंटरवर, त्याच चिठ्ठीवर कारण लिहावं. विषय करारात नाही, डॉक्टर रजेवर, खाट नाही, बिलं थकली, जे खरं असेल ते. खाली तारीख आणि शिक्का. हॉस्पिटलं सगळं ऑनलाइन भरतातच, पेशंट दाखल झाला की पॉलिक्लिनिकला कळवतात. मग दाखल केला नाही हेही त्याच स्क्रीनवर भरावं, म्हणजे पॉलिक्लिनिकला ते तिथल्या तिथं दिसेल आणि पुढची चिठ्ठी पेशंटला परत न बोलावता काढता येईल. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘सेहत’ टेलीओपीडीवर घरबसल्या डॉक्टर भेटतो, आमच्या गावात तापा-खोकल्याला लोकांनी ती वापरली. डॉक्टर फोनवर तपासू शकतो, तर चिठ्ठीवरचं हॉस्पिटलचं नाव बदलायला मान धरून चाललेल्या माणसाने सव्वादोन तास एसटीत का बसावं? आणि दोन हॉस्पिटलांनी लेखी नाही म्हटलं, तर तिसऱ्या वेळी त्या कुटुंबाला करारात नसलेल्या हॉस्पिटलात योजनेच्या दराने उपचार घ्यायची परवानगी आपोआप मिळावी. वरचा फरक ज्याला झेपेल तो भरेल. आमच्यापुढं तो पर्यायसुद्धा नव्हता.

असे कागद जमा झाले की आपोआप आकडा निघेल. कुठल्या भागात मेंदूचे डॉक्टर नाहीत, कुठलं हॉस्पिटल यादीत आहे पण दार बंद करून बसलंय, कुठं बिलं थकल्यामुळे लोक परत जातात, हे मग शोधायला समिती नेमावी लागणार नाही. हॉस्पिटलांचाही त्यात फायदा आहे. बिलं थकल्यामुळे इतके पेशंट परत गेले, हे त्यांनाही दाखवता येईल.

ही एका घराची गोष्ट नाही म्हणून पेपरला लिहिते. आमच्या शेजारच्या गावात एक वीरनारी आहेत. वर्गणी माफ, कार्ड आहे, सगळं आहे. त्यांना डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरकडे पाठवलं होतं. दोन वेळा परत आल्या आणि मग जायचंच सोडलं, कारण प्रत्येक वेळी कुणाला तरी बरोबर न्यावं लागतं, त्याची मजुरी बुडते, आणि एकट्या बाईला दुसऱ्याच्या पुढं किती वेळा हात पसरायचा असं त्या म्हणाल्या. एका डोळ्याने आता फक्त उजेड कळतो. आमच्याच वाडीत एका जवानाची आई आहे. मुलगा सरहद्दीवर, सून लेकुरवाळी. सासूच्या कार्डाची चिठ्ठी, मुदत, टोकन हे सगळं ती सून फोनवर नवऱ्याला विचारून करते, आणि नवऱ्याला रेंज मिळाली तरच. हा मुलगा रात्री पहाऱ्यावर उभा असेल तेव्हा त्याच्या डोक्यात काय चालत असेल ते मला माहीत आहे. १९९९ मध्ये माझ्या सासूबाई आजारी होत्या. तेव्हा ही योजनाही नव्हती.

आपल्या या भागाने फौजेला किती माणसं दिली ते वाचकांना मी सांगायला नको. अपशिंगे मिलिटरी, सैनिक टाकळी ही गावांची नावंच आहेत. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंग्यातले ४६ जण कामी आले. दर ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी शाळाशाळांतून गोळा होतो, माझ्या अंगणवाडीतल्या पोरांच्या आयासुद्धा दहा-वीस रुपये देतात, मनापासून देतात. लोकांच्या मनात सैनिकाबद्दल जिव्हाळा आहे यात मला शंका नाही. तो जिव्हाळा काउंटरवरच्या त्या मुलाच्याही मनात असेल. त्याच्या हातात पेन द्या आणि त्याला लिहायची मुभा द्या, एवढंच म्हणणं आहे.

जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना, ईसीएचएसच्या प्रादेशिक केंद्राला आणि आमच्या खासदारांना मी हेच पत्र पाठवलं आहे. माजी सैनिकांच्या तालुका संघटनेच्या बैठकीतही वाचून दाखवलं. तिथं सतरा जणांनी हात वर करून सांगितलं की आम्हालाही तोंडी परत पाठवलंय. लेखी कागद आहे का विचारल्यावर एकाचाही हात वर झाला नाही. आता संघटनेने ठरवलंय की तालुक्यातल्या प्रत्येक माजी सैनिकाने आणि त्याच्या बायकोने चिठ्ठी घेऊन जाताना आधी तिची झेरॉक्स काढायची, आणि परत पाठवलं तर त्या झेरॉक्सवर आपल्याच हाताने तारीख, वेळ, कोण काय बोललं ते तिथंच उभं राहून लिहायचं. शिक्का नसला तरी नोंद राहील. इतर तालुक्यांतल्या बहिणींनीही हे करावं, अशी माझी विनंती आहे.

हे शेवटचं पान मी ह्यांना वाचून दाखवलं. सुरुवातीला त्यांना हे पत्र नको होतं. म्हणाले, ऑपरेशन झालं, आता कशाला. मी म्हटलं, त्या वीरनारींचा डोळा. मग गप्प बसले. थोड्या वेळाने स्वतःच फाइल घेऊन आले आणि म्हणाले, ती पोरीने लिहिलेली चिठ्ठी जोड.

ती चिठ्ठी सोबत जोडली आहे. तिच्यावरची नावं, हॉस्पिटलचं आणि त्या मुलीचं, पांढऱ्या शाईने झाकली आहेत, कारण तिने आमच्यासाठी जे केलं त्याचा तिला त्रास व्हायला नको. दोन्ही बाजूंची झेरॉक्स आहे. छापायला जागा एकाच बाजूची असेल तर मागची छापावी.

आपली नम्र,
एका निवृत्त हवालदाराची पत्नी
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)